माझ्या पाळीचं वेळापत्रक

हे कुणाला सांगायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. पण तुम्ही आग्रहाने चहा पाजलात, वर शेंगाचटणी-भाकरीही पुढे केलीत. आता पोटात राहतंय होय! ऐका, फक्त हसायच्या आधी कप खाली ठेवा.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी कामाला आहे. चोवीस लूम, आणि कुठल्या लूमवर कधी काय चढवायचं, हे नियोजन माझ्याकडे. दुसऱ्यांची वेळापत्रकं लावण्यात मी पटाईत. स्वतःच्या शरीराचं मात्र, खरं सांगते, अडतिशी आली तरी मला ओ की ठो ठाऊक नव्हतं.

मग एका रविवारी मोबाईलवरच्या व्हिडिओत एक बाई भेटल्या. म्हणाल्या, पाळीच्या चक्राचे चार टप्पे असतात, प्रत्येकात अंगातली ताकद वेगळी, त्या चालीने जगून बघा. मी उठूनच बसले! पंचवीस वर्षं हे चाललंय आणि आपण एकदाही विचारलं नाही, की बाई गं, मधल्या तीन आठवड्यांत तू करतेस तरी काय?

सोमवारी केबिनमधल्या कॅलेंडरवर मी रंगीत टिकल्या चिकटवल्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्या. तेवढ्यात आमचे मुकादम नरसय्या आत आले. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस.

"मॅडम, ह्ये काय ओ?"

जीभ जरा अडखळली. पण व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या होत्या, लाजायचं नाही. मी मान ताठ केली. "पाळीचं वेळापत्रक आहे."

"पाळीचं?" नरसय्यांचा चेहरा खुलला. "लई बेस केलं बगा! ह्ये कवाच व्हायला पायजे हुतं."

मी थक्क! आमच्या घरी नवऱ्यासमोर हा शब्द काढला की तो पेपर वर धरतो. आणि इथे साठीला टेकलेला माणूस सरळ खुर्ची ओढून बसला, वर खिशातून पेन काढलं!

"लाल म्हंजे काय करायचं?"

"आराम. जोर लावायचा नाही."

"आन् हिरवं?"

"नवीन काम हातात घ्यायचं."

"पिवळं?"

"फुल स्पीड!"

"निळं?"

"साफसफाई, बारीक तपासणी, सावकाश."

सगळं तळहातावर लिहून घेऊन नरसय्या गेले. मला भरून आलं हो! त्या संध्याकाळी बहिणीला फोन करून सांगितलं, "सोलापूर किती बदललंय, तुला कल्पना नाही."

पुढचे दोन महिने काय वर्णावे! लाल दिवसांत लूम हळू चालायचे. मला वाटलं, माझं डोकं दुखू नये म्हणून. केवढी काळजी! येता-जाता माणसं अदबीने चौकशी करायची.

"मॅडम, लाल कवा संपतंय?"

"परवा."

"बरं बरं. मग जोर लावतो."

एकदा लाल दोन दिवस उशिरा आलं. नरसय्या दारात हजर. "मॅडम, ह्या बारीला लाल लागलं न्हाय अजून?"

आता याला काय उत्तर द्यायचं? पण इतक्या आपुलकीने विचारतोय माणूस! म्हटलं, "टेन्शन असलं की होतं असं."

"व्हय की," ते गंभीरपणे म्हणाले. "टेन्शन बिगडलं की धागा तुटतोच."

मला हे वाक्य फार खोल वाटलं. डायरीत लिहून ठेवलं मी!

आणि माझं स्वतःचं म्हणाल तर चमत्कारच. पिवळी टिकली उगवली की अंगात नुसतं वारं भरायचं. दोन-दोन पायऱ्या गाळून जिना चढायची. निळी आली की आपसूक हात सावकाश. शरीराची भाषा कळते म्हणजे काय, ते मला कळलं होतं!

तिसऱ्या महिन्यात एका हॉटेलचा माल वेळेत गेला नाही. मालक तापले. सगळ्यांना पॅकिंगच्या हॉलमध्ये उभं केलं. वीसेक पुरुष, सात बायका.

"दर महिन्याला पाच दिवस माल कमी का पडतोय? मला आज कारण पाहिजे!"

नरसय्या शांतपणे म्हणाले, "मालक, आमी तर मॅडमच्या वेळापत्रकापरमानं चालतोय. पाळीचं. चार रंगाचं."

"कसलं चार रंगाचं? मॅडम, सांगा जरा सगळ्यांना."

इथे मी गप्प बसायला हवं होतं की नको? पण मला वाटलं, मालकांनासुद्धा समजून घ्यायचंय! मी पुढे झाले, कॅलेंडर उंच धरलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "लाल म्हणजे रक्तस्रावाचे दिवस. गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं, म्हणून बाईला थकवा येतो. मग हिरव्या दिवसांत…"

वीस पुरुषांच्या माना एकदम फरशीकडे. मालक पंख्याकडे बघायला लागले.

नरसय्यांनी घसा खाकरला. "मॅडम… म्हंजे ही ती पाळी? आमी आपली दिवसपाळी समजलो की!"

अहो, मी डिप्लोमावाली, आयुष्यभर 'शिफ्ट' म्हणत आले! धरणीने तिथल्या तिथे पोटात घ्यावं असं वाटलं. चोवीस लूम, दोन महिने, माझ्या गर्भाशयाच्या तालावर!

मालक पंख्यालाच म्हणाले, "उद्यापासून… लूम लूमच्या हिशोबानं चालवा." आणि चप्पल शोधत बाहेर पडले.

हॉल रिकामा झाला. उरली फक्त आमची तपासणीवाली अंबव्वा, पदर तोंडात कोंबून गदागदा हलत.

"तुला माहीत होतं?"

"पयल्या दिवशीच की ओ!"

"मग बोलली का नाहीस?"

"का बोलू? म्हैन्याचं पाच दिवस काम हलकं झालंतं. आमा साती जनींचं बरं चाललंतं." तिने डोळे पुसले, कॅलेंडर हातात घेतलं आणि बोटाने टिकल्या मोजत बसली. माझी मान अजून वर होत नव्हती.

"मॅडम, माजी लेक नर्स हाय. तिनं सांगितल्यालं सांगते. मोजनी पाळी आल्या दिवसापास्नं धरायची असती. तुमी संपल्यापास्नं धरली. लाल तेवढं बरोबर हाय. बाकी समदे रंग पाच दिवस पुडं गेलेत."

मी दोनदा मोजलं. खरंच की! ज्या दिवसांत मी जिने उड्या मारत चढत होते, त्यातले निम्मे तर सावकाश घ्यायचे होते.

"पण अंबव्वा, मग मला अगदी टिकलीबरहुकूम एवढा उत्साह यायचा कसा?"

अंबव्वाने पुढचा टॉवेल तपासायला उचलला. "येनारच की ओ मॅडम. वेळापत्रकात हाय म्हनल्यावर लूमबी पळत हुते की!"