बहरीन ते मुंबई, थेट विमान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही.

इथे बहरीनला, मनामा शहरात, विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी काम करतो. कुठून कुठे किती अंतर, मधे किती थांबा, किती वाजता पोचाल — दिवसभर हेच. घरून वाईट बातमी आली की माणूस धावत माझ्याकडे येतो आणि मी तासाभरात त्याला सीट मिळवून देतो. या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. हसू येतं ना?

वसईला आई तिकिटावरच्या वेळा बघून प्रवासाचे तास मोजायची. तिथलं घड्याळ इथल्यापेक्षा अडीच तास पुढे, हे तिच्या गावीच नव्हतं. त्यामुळे चार तासांचा प्रवास तिच्या लेखी येताना साडेसहाचा व्हायचा आणि जाताना दीडचा. "जायला कसा झटकन पोचतोस रे? यायलाच एवढा वेळ," ती म्हणायची. मी समजावलं नाही. उलट वर भर घातली — आता थेट विमान बंद झालं, मधे बदलावं लागतं, अख्खा दिवस जातो. का? लांबच्या मुलाला कुणी ऊठसूट बोलावत नाही. माझी सोय होती ती.

मग बाबा आजारी पडले. एका सकाळी, मी ऑफिसात असताना, आईचा हॉस्पिटलमधून फोन आला. "डॉक्टर म्हणतात, आजचाच दिवस. तुलाच विचारतायत. कधी पोचशील?"

समोर स्क्रीनवर दुपारी बाराचं थेट विमान होतं. सीटही होती. साडेसहाला मुंबई, साडेआठला बाबांच्या उशाशी.

मी म्हणालो, "उद्या संध्याकाळ होईल गं आई."

बाबांशी वैर नव्हतं माझं. मरणाऱ्या माणसाजवळ बसायची छाती नव्हती — सगळं आटपल्यावर पोचायचं होतं. एवढंच. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

दुसऱ्या दिवशी त्याच बाराच्या विमानाने गेलो. बहरीनचा मुलगा येतोय म्हणून मयत थांबवली होती. एवढ्या लांबून आला बिचारा, म्हणत लोक पाठीवरून हात फिरवत होते. मी फिरवू दिला.

माती झाल्यावर आईने मला जवळ बसवलं. माझं मन हलकं व्हावं म्हणून सांगू लागली. बाबा त्या रात्री नऊपर्यंत दाराकडे बघत होते. श्वास लागला होता, तरी जीव सोडत नव्हते. शेवटी तीच त्यांच्या कानाशी म्हणाली, "आपला विल्सन फार लांब आहे हो. त्याला उद्याशिवाय जमणार नाही. नका ताटकळू. जा आता."

आणि ते गेले.

आई अजून फोनवर विचारते — मी घाई केली का रे? थांबवायला हवं होतं का त्यांना?

मी म्हणतो, नाही गं. तू बरोबर केलंस.