पाइप मात्र चकाचक

आमच्या ह्यांना सगळी गल्ली भुसाकाका म्हणते. नाव कुणी पाडलं ते मी कधी शोधायला गेले नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतंच. भुवयांत भुसा, कानांत भुसा, चहाच्या कपात भुसा. लग्न झाल्यावर बरेच दिवस मला वाटायचं, ह्या माणसाचे केस मुळातच पिवळट आहेत. फर्निचरच्या कारखान्यात हयात काढली. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे कामगार फाटकाशी उभे राहून शिव्या घालत होते आणि हे आत जाऊन मालकाला विचारत होते, "ती टेबलाची करवत कोण नेणार आहे?" कोण नेणार! आली आमच्याच घरात, स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत. लोखंडी टेबल, मधोमध चीर आणि चिरीतून वर डोकावणारं गोल, दातेरी पातं. बटण दाबलं की दाते दिसेनासे होतात, नुसती हवा थरथरते. त्या थरथरणाऱ्या हवेची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटत आली आहे.

मी भित्री आहे, शूरपणाचा आव आणणार नाही. करवत सुरू झाली की माझे कान तिकडे. लाकूड पात्याला लागलं की आवाज खाली उतरायचा, कापून झालं की पुन्हा वर चढायचा. तो वर चढेपर्यंत माझा जीव टांगणीला. भांडी घासता घासता मी ओरडायचे, "दहाची दहा बोटं आहेत ना?" आतून उत्तर यायचं, "अकरा झालीत!" फाजीलपणा नुसता. पण तो फाजीलपणा ऐकला की बरं वाटायचं, हेही खरं.

मग तो दिवस आला. शाळेतल्या बाईंनी पुस्तकांचं कपाट सांगितलं होतं, त्याच्या फळ्या कापणं चाललं होतं. मी चहाचा कप घेऊन दारात उभी. खोलीचं दार बरोब्बर ह्यांच्या पाठीमागे, पात्याच्या रेषेत येतं. तेव्हा भुसा ओढायचा पाइप म्हणजे एक वळ्यावळ्यांची ताठर नळी होती, टेबलाच्या पलीकडच्या कडेवरून कशीतरी लोंबायची. कापून पुढे सरकलेली फळी त्या नळीला अडली, तिरकी झाली आणि पात्याने तिला उचलून मागे भिरकावली. मला फळी दिसलीच नाही. कानाजवळून वारा गेला, मागच्या भिंतीवर धाडकन आवाज झाला आणि चहा माझ्या पायावर सांडला होता. कप फुटला ते नंतर कळलं.

ह्यांनी मशीन बंद केलं, माझ्या पायावर पाणी ओतलं, भिंतीतला खड्डा बराच वेळ बोटाने चाचपला. मग म्हणाले, "दोष पाइपचा आहे. आधी पाइप नीट करतो."

आणि पाइप नीट करायला लागले. सुरुवातीला मलाच बरं वाटलं. ताठर नळी गेली, आतून गुळगुळीत असलेला रुंद पाइप आला, तोही पारदर्शक, भुसा जाताना दिसावा म्हणून. टेबलावरून न नेता तो खालून भिंतीकडे नेला आणि भिंतीवर पट्ट्यांनी आवळला. काटकोनातलं वळण काढून तिथे मोठं गोल वळण बसवलं, नाहीतर भुसा तिथेच तुंबतो म्हणे. मध्ये एक पिंप ठेवलं, जाड भुसा त्यातच पडावा म्हणून. भुसा ओढायला कारखान्यातला जुना पंखा आणला, धूडच ते. ते सुरू झालं की शेजारचं मांजर पळून जायचं.

एवढ्यावर थांबायचं की नाही? नाही! पाइप अर्धा हात लांब झाला म्हणून कापला. आखूड झाला म्हणून पुन्हा जोडला. सांध्यातून हवा शिरते म्हणून रबर लावलं, ते आवडलं नाही म्हणून काढलं. शाळेतल्या बाई दोनदा येऊन गेल्या. "बाई, आधी भुशाचा बंदोबस्त होऊ दे," हे त्यांना सांगायचे आणि बाई बिचाऱ्या मान डोलवायच्या. मी म्हटलं, "अहो, कपाट करताय की पाइपचं लग्न लावताय?" हसले नाहीत. एरवी माझ्यावर उलटवल्याशिवाय राहिले नसते.

सगळ्यात वाईट म्हणजे माझे कान गेले. त्या धुडाच्या घरघरीत करवत कापतेय की नुसती फिरतेय, काही कळेना. आवाज खाली उतरणं नाही, वर चढणं नाही. उद्या हात सापडला आणि हे ओरडले, तर मला ऐकू तरी येईल का? त्यात ह्यांनी आतून कडी लावायला सुरुवात केली. "भुसा घरात येतो," म्हणे. गल्लीतली माणसं म्हणायची, "काका हल्ली किती स्वच्छ दिसतात!" मीही अभिमानाने सांगायचे, पाइपची कमाल आहे.

एका दुपारी ती घरघर थांबेचना. जेवायची वेळ टळून गेली. मी दार वाजवलं. उत्तर नाही. दोन्ही हातांनी बडवलं, घसा फोडून हाका मारल्या. आत नुसती घरघर. नाही नाही ते डोळ्यांपुढे यायला लागलं. कडी तोडायची तर ताकद नाही, कुणाला बोलवायचं तर तेवढा धीर नाही. शेवटी देवाचं नाव घेत मागच्या बोळात धावले, पालथी बादली ठेवून खिडकीपाशी चढले. डोळे उघडायची हिंमत होत नव्हती. उघडले.

हे स्टुलावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर. करवत बंद. पातं दाता न् दाता मोजता येईल इतकं स्थिर. धूड एकटंच बोंबलत होतं आणि भिंतीवरचा पाइप आरपार स्वच्छ, दुकानातून आणल्यासारखा. त्यातून भुशाचा एक कण कधी गेला नव्हता. कोपऱ्यात बाईंच्या फळ्या जशाच्या तशा. आधी मला वाटलं, बसल्या बसल्याच गेले की काय. मग मांडीवरची बोटं हलली आणि मला बादलीवर उभ्या उभ्या रडू फुटलं.

काच वाजवली तसे दचकले. धूड बंद केलं, येऊन कडी काढली. मी बोळातून घरात आले ती तणतणतच. "मेले असते मी! हे काय सोंग लावलंय? कशाला चालू ठेवता ते मढं?"

"तुला वाटावं, काम चाललंय," ते म्हणाले. चोरी पकडली गेल्यासारखे उभे होते. "त्या दिवसापासून एकसुद्धा फळी कापलेली नाही. पाइपचं काम कधीच संपलं. पुन्हा पुन्हा काढतो आणि लावतो."

"पण का?"

"बटणावर हात ठेवला की तू दिसतेस. दारात, कप घेऊन." ते दाराकडे बघत होते. "आणि फळी कानाजवळून जात नाही गं. दर वेळी लागते."

कडी भुशासाठी नव्हती, माझ्यासाठी होती, हे तेव्हा डोक्यात शिरलं. मी ह्यांच्या बोटांच्या काळजीने अर्धी झाले होते, आणि हा माणूस माझ्यापायी लाकडाला हात लावायला भीत होता.

"विकून टाका," एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला होता. नाहीतरी इतकी वर्षं मी दुसरं काय मागत होते? ते लगेच हो म्हणाले असते, मला दिसत होतं. मग मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपडे स्वच्छ, नखं स्वच्छ, भुवया पांढऱ्या. खांदे पाडून उभा असलेला कुणीतरी म्हातारा. ह्या माणसाबरोबर मी राहिलेच नव्हते. त्या दिवशी मला करवतीपेक्षा त्याची भीती वाटली.

मी दार लावलं, आतून. कडीही घातली. म्हटलं, "मी आता दारात नाही. आत आहे. कुठे उभी राहू ते सांगा."

"वेडी आहेस का तू?"

"आहे. कुठे उभी राहू?"

त्यांनी पात्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग त्यांनी पात्याच्या बाजूची, रेषेबाहेरची जागा बोटाने दाखवली. "इथे. आणि हलायचं नाही."

"नाही हलत."

"थरथरतेयस."

"तुम्ही काय मोठे खांबासारखे उभे आहात!"

धूड चालू करून बाईंची एक फळी त्यांनी टेबलावर घेतली. बटणावर ठेवलेला हात दोनदा मागे घेतला. मी दात दातांवर घट्ट दाबून उभी राहिले. मग पातं फिरलं, हवा थरथरली, आणि हे फळी पुढे सरकवायला लागले. डोळे मिटायचे नाहीत असं मी ठरवलं होतं, आणि मिटले नाहीत. फळीचं टोक टेबलापलीकडे गेलं. अडायला तिथे काहीच नव्हतं. फळीचे दोन तुकडे सरळ बाजूला झाले आणि पाइपमधून भुसा सळसळत वर गेला.

त्यांनी बटण बंद केलं आणि टेबलाची कड धरून उभे राहिले. घामाने न्हाले होते. मी जवळ गेले तर माझा कान चाचपून पाहिला, दोनदा, अगदी हळू.

आता पुन्हा रोज हीच भीती, आणि या वेळी मी ती माझ्या हातांनी घरात घेत होते, हे मला चांगलं कळत होतं. तरी दुसरी फळी मीच उचलून त्यांच्या हातात दिली.