समतोल सरांचा झोपाळा

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या सरांना अख्खी इमारत ‘समतोल सर’ म्हणते. हे नाव मी पाडलेलं नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण इथला प्रत्येक आगाऊपणा माझ्याच नावावर खपवला जातो. नाव त्यांच्या विद्यार्थ्यांचं. सरांनी उभा जन्म इंजिनिअरिंग कॉलेजात स्थितिशास्त्र शिकवलं. म्हणजे जे हलत नाही, ते का हलत नाही. पूल का उभा राहतो, भिंतीला टेकवलेली शिडी का घसरत नाही, वगैरे. हलणाऱ्या वस्तूंचं शास्त्र शेजारच्या वर्गात दुसरे सर शिकवायचे. तिकडे आमच्या सरांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. घरीही तेच. सर सोफ्यावर बसले की त्यांच्यावरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य होते, आणि भाजी आणायला सांगितली तरी ती शून्यच राहते.

वहिनी म्हणजे पायाला भिंगरी. दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच मागणं मागितलं.

“अहो, गॅलरीत झोपाळा लावा. जन्मभर उभी राहिले. आता बसायचंय, पण नुसतं बसायचं नाही, झुलायचंय.”

सरांना हुरूप आला. कागदावर आकृती निघाली, तिच्यावर बाण निघाले. वहिनींना वजन विचारलं. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात सरांनी मनातल्या मनात थोडी भर घातली. त्या बाबतीत त्यांचा अनुभव दांडगा आहे. पाहुणा म्हणून मला धरलं. “तुम्ही म्हणजे दोन धरतो,” म्हणाले. मग छतात कड्या, कड्यांना साखळ्या, साखळ्यांना फळी.

वहिनी बसल्या, अंगठ्यानं जमीन रेटली, आणि फळी हलते न हलते तोच सर ओरडले, “थांब! हलू नकोस!”

“अहो, झोपाळा आहे ना हा?”

“बस की! बसायला कुठं नाही म्हणतोय? फक्त पाय खाली टेकव.”

“का पण?”

“सिमेंट ओलं आहे.”

ते सिमेंट मग वाळेचना. मी रोज चौकशी करायचो.

“सर, वाळलं का?”

“हवा दमट आहे.”

“एवढ्या दिवसांत धरणाचंसुद्धा वाळलं असतं हो!”

सर पेपर वर करायचे. वहिनी दोन्ही पाय टेकवून बसायच्या, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारख्या. दवाखान्यातल्या मैत्रिणी झोपाळा बघायला येतो म्हणत होत्या, त्यांना त्या काही ना काही सांगून टाळत राहिल्या. एका संध्याकाळी मी चहाला गेलो, तर झोपाळ्यावर ओल्या चादरी घातलेल्या.

“वहिनी, हे काय?”

“दोरी कमी पडत होती, भाऊजी. नाहीतरी तो हलत नाही.”

हे त्या हसून म्हणाल्या असत्या तर मी पुढची कोटी केली असती. पण त्या हसल्या नाहीत. सरांनी पेपर खाली ठेवला. मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण चहा अर्धा होता, आणि असे प्रसंग रोज येत नाहीत.

“अगं, सिमेंट केव्हाच वाळलंय,” सर म्हणाले. “माझं चुकलं. मी गणित बसलेल्या बाईचं केलं. तू झोका घेशील हे धरलंच नाही.”

“म्हणजे?”

“झोका मधोमध येतो ना, तिथं तू सगळ्यात वेगात असतेस. साखळीला नुसतं तुझं वजन पेलून भागत नाही. तू सरळ पुढं निसटायला बघतेस, तुला वर वळवावं लागतं. ओढ वाढते. झोका जेवढा उंच, तेवढी जास्त. कड्यांना ती झेपेल की नाही, मी काढलंच नव्हतं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“हे समोर होते ना!” सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

वहिनींनी चादरींची घडी घालायला घेतली. “संसारभर मी तुमच्यासमोर धावतेय. आणि तुम्ही मला बसलेलीच धरलीत?”

सरांनी उठून चादरीचं दुसरं टोक धरलं. माझ्याजवळ एक कोटी तयार होती, पण मी चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सर चक्क गतिशास्त्राच्या सरांकडे गेले. ते आधी पोटभर हसले म्हणे, मग गणिताला बसले. आमच्या डोक्यावर गच्चीच असल्यानं छताच्या आरपार जाडजूड बोल्ट गेले, वर लोखंडी पट्ट्या आल्या. मग सरांनी फळीवर वाळूची पोती बांधली आणि स्वतः झोके देत सुटले. सर घामाघूम झालेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. “सर, पोत्यांना चक्कर येईल,” म्हटलं, तर मलाच रेटायला लावलं.

पोती उतरली, वहिनी बसल्या. कड्यांकडे बघून त्यांनी विचारलं, “किती उंच चालेल?”

“तुला हवा तेवढा,” सर म्हणाले. “या वेळी तेच धरलंय.”

वहिनींनी पाय रेटला. पहिला झोका बेताचा, दुसरा मोठा, तिसऱ्याला त्यांच्या चपला सुटून खाली अंगणात गेल्या आणि त्या मोठ्यानं हसल्या. सर त्यांच्याकडेच बघत राहिले.

“सर, कड्यांवर लक्ष ठेवा,” मी म्हटलं.

त्यांनी ऐकलंच नाही.