चांगुणाच्या ड्रमावरची गाठ

आमचे मालक गेणू गेले त्याला आता वर्ष होईल. लोक म्हणतात माणूस लय साधा होता. होता साधा. पण माझ्यापेक्षा त्याला ड्रमातल्या पिसवांची काळजी जास्त होती, हे कोण नाय सांगत. म्हणून मी सांगते.

चांदवडजवळ आमचं शेततळं हाय. हे त्यात मरळ मासा करायचे. मरळाची पिल्लं लय नखरेल. पेंड टाका, पीठ टाका, तोंड लावणार नाय. हलतं जितं पायजे. उपाशी राहिली का एकमेकालाच खातात. म्हणून ह्यांनी पडवीत ड्रम मांडले. हिरवं पाणी, थोडं शेणाचं पाणी, आन त्यात पाणपिसवा, ठिपक्याएवढ्या जित्या किडी. रोज थोड्या गाळून हौदातल्या पिल्लांना घालायच्या. उठले का तोंड न धुता आधी ड्रमात डोकं. मला ताप आला तर म्हणले, "गोळी घे." पिसवा सुस्तावल्या त्या दिवशी जेवले नाय. डास आत जाऊ नये म्हणून माझी माहेरची हिरवी साडी फाडून ड्रमावर बांधली. विचारलं पण नाय.

आन ती चांगुणा. पलीकडच्या वस्तीवरची. तिनं पण मरळ टाकलेली, ह्यांच्याकडून पिसवांचं विरजण नेलं. दह्याला लागतं तसंच, थोडं नेऊन आपल्या ड्रमात सोडायचं. मग रोज फोन. "भाऊ, पाणी पांढरं झालं." "भाऊ, रंग लाल दिसतो." ती पाणी घेऊन आली का हे काचेच्या गिलासात ओतून तिला उन्हाकडं धरून दाखवायचे, हसायचे. माझ्याशी बोलणं काय, तर "भाकरी झाली का?" भाऊच म्हणायची ती, मला ठाऊक हाय. तरी मी चुलीपाशी जळायची.

हे झटक्यानं गेले. पोरगी हर्षाली रोज पिल्लांना खायला घालायची. बापानं आणलेली शेवटची पिल्लं ती. दहाव्याला ती घाटावर गेली, मी आत बसलेली. नाशिक रोडची माझी जाऊ मंगलाबाई आलेली. सुतक फिटायचं म्हणून तिनं घरातलं साठवणीचं सगळं पाणी ओतलं. हंडे, माठ, आन ड्रम पण.

हर्षाली आली तशी किंचाळलीच. "काकू, अगं ड्रम का ओतले?"

"हिरवं झालतं गं, वास मारत होतं! सुतकातलं पाणी कोण ठेवतं?"

"पप्पांच्या पिसवा होत्या त्या! आता पिल्लं काय खातील?"

मंगलाबाई खाली बसली. हौदात पिल्लं एकमेकाच्या शेपटीला लागली होती.

विरजण आता एकाच घरी. हर्षाली म्हणाली, "मम्मी, चल." मी म्हणलं, मी नाय जाणार. पण ह्यांची पिल्लं डोळ्यासमोर एकमेकाला खायला लागली. बसले स्कूटीवर.

चांगुणानं दारातच माझे हात धरले. "या वहिनी." मी रडणार होते, पण तिच्या पडवीत नजर गेली. ड्रमावर माझी हिरवी साडी. अर्धी माझ्याकडं, अर्धी हिच्याकडं.

"ही माझी हाय," म्हणलं.

"भाऊंनी बांधून दिली, वहिनी. मला वाटलं जुनी असंल."

"माहेरची हाय. सोड."

तिनं गाठीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ही गाठ भाऊंची हाय. मी ह्या बाजूनं कापड उचकटून पिसवा काढते, गाठ नाय सोडली अजून. तुम्हाला पायजे तर तुम्ही सोडा."

मी हात लावला. ओली, घट्ट गाठ. ह्यांची रीतच ती, दोनदा पीळ द्यायचे. माझ्या घरची गाठ मंगलाबाईनं ड्रम ओतताना कापलेली. ही सोडली तर ही पण गेली.

"राहू दे," म्हणलं. "विरजण दे."

तिनं बादली भरून दिली. दोघींनी मिळून स्कूटीवर ठेवली. जाताना म्हणाली, "पाणी पांढरं झालं तर फोन करा."

"मला कळतं," मी म्हणलं. कळत काय नव्हतं.

पिल्लं जगली. आता मी पण उठल्या उठल्या ड्रमात डोकं घालते. चांगुणाला फोन पण करते, करावा लागतो. पण तिच्याकडं गेले का ती गाठ दिसती, आन अजून पोटात जळतं. ह्यांच्या हातचं तेवढंच राहिलं, ते पण दुसरीच्या पडवीत.