खुंटीवरची ओली पिशवी

वैनी अमेरिकेला गेली त्या सकाळपासून माझा पाय घरात ठरेना. माझा भाऊ, अण्णा, तिला सोडायला हैदराबादला गेलेला, आई देवापुढं बसलेली, अन् मी ओट्यापाशी उभी राहून खुंटीकडं बघायलते. वैनीची कॉफी गाळायची कापडी पिशवी तिथंच लटकलेली. आमच्या अप्पांच्या जुन्या धोतराची, तिनंच शिवलेली. ओली होती, खाली फरशीवर थेंब पडायलते.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, पिशवी ठेवून गेलीय म्हणजे येणारच. मला मात्र त्या पिशवीचंच भ्या वाटलं.

वैनीचं माहेर क्युबाचं. ती लहान असताना आईबाप देश सोडून अमेरिकेत आले. अण्णा तिकडं साखर कारखान्यात नोकरीला होता, तिथंच लग्न केलं अन् आठ वर्षांपूर्वी तिला घेऊन भालकीला आला. आमची आई तीन दिवस तिच्याशी बोलली न्हाई. चौथ्या दिवशी वैनीनं तिला कॉफी करून दिली. आधी चार थेंबांत साखर फेटून फेस काढायचा, मग बाकीची वरून ओतायची. आई बशीत ओतून फुर्र करून प्यायली, अन् दुसऱ्या दिवशी आपणहून कप पुढं केला.

उसाचा हंगाम सुरू झाला, मळीचा वास गावभर सुटला, की वैनीला तिच्या आईचं क्युबातलं घर आठवायचं. घर सोडताना सगळ्यांना वाटलं होतं, महिन्याभरात परतू. गाद्या घातलेल्या, राजमा भिजत टाकलेला, अन् कॉफीची ओली पिशवी खुंटीला. त्या बाईला ते घर पुन्हा दिसलं न्हाई. म्हातारपणीसुद्धा विचारायची म्हणे, पिशवी वाळली असेल का.

आता तीच म्हातारी अंथरुणाला खिळली म्हणून वैनी गेलेली. महिन्याभरात येते म्हणून सांगून. हिचंबी महिनाच!

मग मी रोज सकाळी कॉफी करायला लागले. पिशवी वाळू द्यायची न्हाई, बस्स. फेस काही मला जमला न्हाई. अण्णा तोंड वाकडं करून प्यायचा अन् कारखान्याला जायचा. आई म्हणायची, कामून जीव काढायलीस एवढा? मी तिच्यावरच खेकसायचे. भाजी करपायची, शेजारणीशी विनाकारण भांडण काढलं. महिना उलटला तरी वैनी तिकिटाचं नाव काढेना. अण्णाला विचारावं तर तो उसाच्या तोडणीचं बोलायचा. मला त्याचा असा राग यायचा की विचारू नका.

दीड महिन्यानं दुपारी तिचा फोन आला. म्हातारी गेली होती. वैनी रडत नव्हती. बहिणी इथंच ऱ्हा म्हणायल्यात, असं म्हणाली. मला ये म्हणायचं होतं, पण आई गेलेल्या बाईला कुठल्या तोंडानं म्हणू?

"पिशवी ओलीच हाय गं," मी म्हणाले. "रोज करायलोत आम्ही कॉफी."

 

"अक्का," ती म्हणाली, "मम्माच्या घरात मागं कुणीच ऱ्हायलं नव्हतं." मग तिला हुंदका फुटला. "ह्यांना हैदराबादला पाठव. मी येते."

फोन ठेवला, अन् भर दुपारी मी कॉफीचं पाणी चढवलं. आईनं विचारलं न्हाई, कामून.