आठवा फॉर्म

"हा माणूस माझ्या वर्गात शिरलाच कसा?"

प्रोफेसर आगाशे माझ्या खिडकीचे गज धरून विचारत होते. फॉर्मसाठी रांगेत उभी असलेली पोरं स्वतःचं काम विसरून मजा बघायला लागली. आगाश्यांच्या हातात एक कागद होता आणि त्यावर निळ्या जाड पेन्सिलीच्या फुल्या. नंतर मी मोजल्या, तेवीस भरल्या.

"मी सोडलं, सर," मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग? शिपायाने माझं नाव आधीच सांगून टाकलं होतं.

"तुम्ही? मिस प्रधान, तुम्ही?"

हो, मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता ते कसं झालं ते सांगते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. दादरच्या एका कॉलेजात ॲडमिशनची खिडकी माझ्याकडे होती. फॉर्म, फी, फ्रीशिप, सगळं मीच बघायची. फ्रीशिप म्हणजे गरिबाच्या मुलाची फी माफ. अर्थात अर्ज वेळेत आला आणि सही योग्य जागी असली तर. त्या 'तर'पायी माझा घसा रोज बसायचा.

तेव्हा मॅट्रिकनंतर एफ.वाय., मग इंटर, आणि मग ज्युनिअर आणि सीनियर अशी बी.ए.ची दोन वर्षं असत. समाजशास्त्र ज्युनिअरला घेता यायचं, तेही मोजक्याच कॉलेजांत. आमच्याकडे तो विषय होता, पण शेवटचे आचके देत होता. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला बजावलं होतं, "सोमवारी पाचपर्यंत आठ फॉर्म आले तर वर्ग. सात आले तर विषय बंद. हे काय धर्मादाय आहे?"

बुधवारी माझ्याकडे सात फॉर्म होते. आणि त्याच दिवशी परब आले.

पांढरा सदरा, काळी टोपी, काखेत छत्री. बरोबर त्यांची मुलगी सुलोचना. इंटर सेकंड क्लासात पास झालेली. जिथे इंटर केलं तिथे समाजशास्त्र नव्हतं, म्हणून बापलेक कॉलेजं धुंडाळत फिरत होते.

"ह्या समाजशास्त्र म्हंजे काय ता आधी सांगा, बाई," परबांनी विचारलं.

"माणसं एकत्र कशी राहतात, त्याचा अभ्यास."

"त्याका कॉलेज कशाक? आमच्या एका खोलीत नऊ माणसां ऱ्हवतत."

"बाबा!" सुलोचना म्हणाली. मग माझ्याकडे वळून घाईघाईने, "बाई, आमच्या चाळीत नळावरून रोज भांडणं. तिसरा मजला दुसऱ्या मजल्याशी बोलत नाही. पण मोर्चा म्हटला की सगळे एकाच रांगेत, एकमेकांची पोरं कडेवर घेऊन. हे कसं होतं? मला ते शिकायचंय. नाहीतर बाबा म्हणतात तसं टायपिंगला जाईन."

मी तिच्याकडे बघतच राहिले. खिडकीशी येणारी बहुतेक मुलं सोपा विषय कुठला एवढंच विचारत. मी स्वतः इंटर झाले, वडील गेले, आणि दुसऱ्या महिन्यात या खिडकीच्या आत येऊन बसले. मला काय शिकायचंय असं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

परबांनी दोन कॉलेजं बघून टाकली होती. फोर्टातलं उत्तम, पण फी ऐकून त्यांनी म्हणे टोपी काढून वारा घेतला. दुसरं स्वस्त, पण शिकवणारे दाखवा म्हटल्यावर कळलं की ते अजून नेमायचे आहेत. आमचं लालबागहून चालत पाऊण तासावर. फी बेताची. वर फ्रीशिप मिळण्यासारखी.

"मग भरा फॉर्म," मी म्हटलं.

"थांबा. माल बघूक होयो."

परब मिलच्या फोल्डिंग खात्यात होते. तिथे तयार कापडाचं थान उलगडून तपासतात. जिथे धागा तुटला, डाग पडला, तिथे निळी फुली. गेली बावीस वर्षं हा माणूस फुल्या मारत होता. "थानाचो पयलो वार सगळेच बरो ठेवतत, बाई," ते म्हणाले. "आपण मधलो वार बघूचो."

आधी ते लायब्ररीत गेले. इंग्रजी येत नव्हतं, पण तारखा वाचता येत होत्या. समाजशास्त्राच्या पुस्तकांच्या मागच्या चिठ्ठ्या उलटून परत आले. "बाई, एका पुस्तकाक चार वर्सां कोणी हात लावूक नाय. घडी मोडूक नाय अजून!"

मी उगीचच टेबलावरचे फॉर्म सारखे करायला लागले.

मग म्हणाले, शिकवताना बघायचंय. सीनियरचे वर्ग सुरू झाले होते. मला आठवा फॉर्म हवा होता. परबांच्या मुलीचं भलं वगैरे नंतर, आधी माझा स्वार्थ. मी शिपायाच्या हाती चिठ्ठी दिली, 'पालक आहेत, मागच्या बाकावर बसू द्यावे.' गुरुवारी परब मिलमध्ये खाडा करून, म्हणजे पगार बुडवून, वर्गात जाऊन बसले.

आगाशे विद्वान माणूस. शिवाजी पार्कला राहायचे, रोज सकाळी मैदानाला तीन फेऱ्या घालायचे. पण वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवायचे. परबांना त्यातलं इंग्रजी कळेना, म्हणून त्यांनी पोरांकडे बघायला सुरुवात केली. कुणी जांभई दिली, फुली. कुणी खिडकीबाहेर बघितलं, फुली. प्रोफेसरांनी कागदावरून मान वर केली नाही, फुली. अशा बावीस झाल्या. शेवटी आगाश्यांनी मराठीतून सार सांगितलं, "थोडक्यात, शहरात माणूस एकटा पडतो. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही."

मागच्या बाकावरून परब उठले. "खयच्या चाळीत, सायेब?"

वर्गात हशा फुटला. एक पोरगा म्हणे हसताहसता बाकावरून पडला. परब बिचारे मनापासून विचारत होते. आगाश्यांनी पुन्हा नोट्समध्ये डोकं घातलं, तेव्हा त्यांनी तेविसावी फुली मारली आणि मिलमध्ये खातेप्रमुखाला देतात तसा तो कागद प्रोफेसरांच्या टेबलावर ठेवून बाहेर पडले.

तोच कागद आता माझ्या खिडकीत थरथरत होता.

शुक्रवारी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत सगळ्यांची हजेरी. आगाशे, परब, सुलोचना आणि आरोपी म्हणून मी.

"या गृहस्थांनी माझ्या वर्गापुढे माफी मागावी," आगाशे म्हणाले. "नाहीतर यांच्या मुलीला मी शिकवणार नाही."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "आणि मिस प्रधान, तुम्ही कॉलेजात प्रेक्षक कधीपासून सोडायला लागलात? कुणाला विचारून?" घरी आई होती, दोन भाऊ शाळेत होते, आणि सगळं माझ्या पगारावर चाललं होतं.

परब टोपी हातात घेऊन उभे राहिले. "मागतंय माफी. पोरीचा वर्स फुकट जाता नये."

"नाही," सुलोचना म्हणाली. "सर, तुम्ही रविवारी आमच्या चाळीत या. कुणाशी बोलू नका. तिसऱ्या मजल्यावर, शेवटची खोली. तिथपर्यंत कुणी हटकलं नाही, तर पुस्तक खरं. मग बाबा वर्गासमोर माफी मागतील आणि मी टायपिंगला जाईन. आणि हटकलं तर मला वर्गात घ्या."

"अगं, काय बोलतेस!" मी म्हटलं.

पण आगाश्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "कबूल," ते म्हणाले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी कपाळावर हात मारला आणि पंच म्हणून मला जायला सांगितलं. माझा रविवार गेला.

रविवारी दहाला आम्ही लालबागला पोचलो. आगाश्यांनी कोट घातला होता, डोक्यावर हॅट, हातात वही. जिन्यापाशी नळावर एक बाई हंडा भरत होत्या.

"कोणाकडे इलात?"

आगाशे ठरल्याप्रमाणे गप्प. वहीत काहीतरी लिहून पुढे निघाले. इथेच घात झाला. ते दिवस कसले होते! चाळीत पत्रकं छापून यायची, रात्रीतून वाटली जायची, पोलीस माग काढत फिरायचे. अशात हॅटवाला, न बोलणारा, वहीत लिहिणारा माणूस म्हणजे कोण?

"सीआयडी!" बाईंनी हंडा सोडून बोंब मारली. "अरे, सीआयडी इलो! बाईमाणूसय हा वांगडा!"

त्यांच्याबरोबरची बाईमाणूस म्हणजे मी. लेडी पोलीस! माझ्या घराण्यात आजवर कुणाला असा मान मिळाला नव्हता.

पहिल्या मजल्यावर दारं धडाधड उघडली. दुसऱ्यावर एका म्हाताऱ्याने काठी आडवी धरली. एका खोलीत पत्रकांचा गठ्ठा पिठाच्या डब्यात जाताना मी डोळ्यांनी बघितला आणि घाईने दुसरीकडे तोंड फिरवलं. नाव काय, गाव खंयचा, कोणी धाडलान, लगीन झालंय काय, प्रश्नांचा नुसता भडिमार. आणि गंमत म्हणजे दुसरा नि तिसरा मजला खांद्याला खांदा लावून उभा! आगाशे भिंतीला चिकटले. हॅट एका पोराच्या डोक्यावर गेली.

"सर, आता बोला!" मी ओरडले. "पैज हरलात, बोला काहीतरी!"

"मी प्रोफेसर आहे हो!" आगाशे किंचाळले.

"तसा सगळेच सांगतत," म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात परब धावत खाली आले. "अरे मेल्यांनो, सोडा! सुलूचे मास्तर हत ते!"

सगळ्यांनी जीभ चावली आणि आमच्यावर आगीतून फुफाट्यात जायची वेळ आली. चूक झाली म्हणून प्रत्येक खोलीत चहा. नाही म्हणायची सोय नाही, एकीकडे घेतला तर दुसरीला राग. मी सातव्या कपाला हात जोडले. आगाशे मात्र कप नाकारत नव्हते. ते उलट विचारत होते. तुमचं गाव कुठलं? खोली कुणी मिळवून दिली? भांडण झालं तर सोडवतं कोण? आणि भराभर लिहीत होते. त्यांना असं मान वर करून लिहिताना मी पहिल्यांदाच बघत होते.

जिना उतरताना म्हणाले, "मिस प्रधान, तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत मला एकतीस प्रश्न विचारले गेले. शिवाजी पार्कला माझ्या शेजाऱ्यांनी अकरा वर्षांत एक विचारलाय. मोटार जरा पुढे घ्याल का, असा."

सोमवारी सकाळी सुलोचना फॉर्म घेऊन हजर. तिचं नाव रजिस्टरला चढलं. मी मनात पेढे वाटले. आणि साडेचारला आधीच्या सातांतला एक मुलगा आला, त्याला रेल्वेत नोकरी लागली होती. फॉर्म परत घेऊन गेला.

पुन्हा सात. अर्धा तास राहिलेला. परब पहिल्या पाळीनंतर फ्रीशिपच्या अर्जावर सही करायला आले होते, ते आणि सुलोचना खिडकीपाशीच उभे. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. सुलोचनाने गज घट्ट धरले. मला रडू येईल असं वाटलं. एवढं सगळं करून शेवटी टायपिंग!

"बाई," परब म्हणाले, "एक विचारू? तुमी किती शिकलात?"

"इंटर."

"वर्ग कितीचो?"

"सकाळी साडेसात ते दहा."

"आणि तुमचा ऑफिस?"

"साडेदहा."

परबांनी गजांतून आत बोट दाखवलं. माझ्या टेबलावर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. कॉलेजच्या नोकरांना फी माफ, हा नियम मी स्वतः नोटीस बोर्डावर टाइप करून लावला होता. सात वर्षं गावाला फॉर्म वाटत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी वरचा फॉर्म ओढला. घाईत पहिला खराब झाला, दुसरा भरला. पाचला दहा कमी असताना प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे आठ फॉर्म ठेवले. त्यांनी आठवा दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि सही केली.

वर्ग चालला. पिवळ्या नोट्स पुन्हा दिसल्या नाहीत. सुलोचना पहिल्या बाकावर बसायची, मी शेजारी. दोन वर्षांनी तिला फर्स्ट क्लास मिळाला, मला सेकंड. तिची मार्कशीट परबांनी उलटून मागची बाजूही बघितली, मग म्हणाले, "पास." माझीही मागितली. ती जरा जास्त वेळ बघितली.

धडा म्हणाल तर एवढाच. कॉलेज निवडताना फी विचारावी, लायब्ररीतल्या चिठ्ठ्या बघाव्यात, वर्गात मधल्या वेळी जाऊन बसावं. आणि खिडकीत बसलेल्या बाईला तिचं शिक्षण विचारावं. बहुतेक वेळा तिला राग येत नाही.