न लागलेल्या आगींचे गुण

माझे मामा अग्निशमन केंद्राचे प्रमुख होते. सगळा भाग त्यांना बंबवाले मामा म्हणायचा, त्यामुळे सख्खी भाची म्हणून मला वेगळा भाव असा काही उरला नव्हता.

बंब उभा असला की या माणसाला चैन पडत नसे. दोन जवान सोबत घ्यायचे आणि गल्ल्या पालथ्या घालायचे. कुणाच्या वायरी उघड्या पडल्यात, कुणी जिन्याखाली रद्दी रचलीय, सगळीकडे नाक खुपसायचे. लाकूडबाजारातला वखारवाला तर त्यांना बघितलं की पुटपुटायचा, "आली पीडा!"

मग नगरपालिकेने खात्याखात्यांची कार्यक्षमता मोजायचं ठरवलं. अग्निशमन केंद्राला गुण कशावर? किती आगी विझवल्या त्यावर. मामांच्या भागात आगी जवळजवळ लागतच नसत. केंद्र यादीत तळाला गेलं आणि ते बंद करायचा प्रस्ताव आला.

मामी भडकली. "मग लावा की चार ठिकाणी काडी! पहिला नंबर येईल."

मामा हसले, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पाहणीला एक अधिकारी बाई आल्या. सरळ स्वभावाच्या. "तुमची माणसं दिवसभर करतात तरी काय?" त्यांनी विचारलं.

"चला, दाखवतो."

मीही मागोमाग निघाले. लाकूडबाजाराच्या तोंडाशी पोचलो, तर त्याच वखारीतून धूर! सुकं लाकूड, त्यात वारा सुटलेला. मला वाटलं, गेली सगळी गल्ली.

पण पुढे पाहिलं ते वेगळंच. आरडाओरडा नाही, पळापळ नाही. शेजारच्या दुकानदाराने मेन स्विच खाली ओढला. त्याच्या बायकोने सिलिंडर बाहेर आणला. हातगाड्या बघता बघता बाजूला झाल्या. माडीवरच्या म्हातारीला दोघांनी खुर्चीसकट खाली उतरवलं. वखारवाला स्वतः वाळूच्या बादल्या पुढे देत होता. बंब आला तो थेट दाराला भिडला. एका खोलीबाहेर आग गेलीच नाही.

बाई भिंतीला टेकून सगळं बघत होत्या. आग विझल्यावर म्हणाल्या, "हे यांना शिकवलं कुणी?"

"सांगून सांगून घसा बसलाय माझा," मामा म्हणाले.

"आणि हे मी मोजू कसं?"

"ते तुमचं काम, बाई. मला आगीतलं कळतं, आकड्यांतलं नाही."

बाईंनी ते मनावर घेतलं. वरिष्ठांशी वाद घातले, बोलणी खाल्ली आणि मोजायची रीतच बदलून घेतली: आग कुठवर पसरली, वाट मोकळी होती का, लोकांना काय करायचं ते ठाऊक होतं का. त्या वर्षीची यादी आधीच छापून झाली होती. तिच्यात केंद्र शेवटचंच राहिलं. पण बंद करायचा प्रस्ताव बारगळला.

ही बातमी द्यायला बाई स्वतः आल्या. निघताना जरा संकोचून म्हणाल्या, "आमच्या घरी कधी येता बघायला?"

मामा पुढच्याच रविवारी गेले आणि त्यांच्या जिन्यातलं चपलांचं कपाट हलवूनच परतले.